लोहारशाळेतलं फुटकं कौल

१

कवटी दिसली तेव्हा बाई प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक जमिनीवरून फिरवत होत्या.

नवा रस्ता जिथून जायचा होता तिथे झुडपांखाली एक पडकी लोहारशाळा निघाली होती. रस्त्याची यंत्रं यायच्या आधी ती उकलायची, मोजायची आणि तिचे फोटो काढून मोकळं व्हायचं, हे पुरातत्त्व खात्यातल्या बाईंचं काम. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. हाताखालची माणसं त्यांना पाठीमागे ‘चिमटाबाई’ म्हणत, कारण जी वस्तू चिमट्याने उचलता येईल तिला त्या बोट लावत नसत. जिवंत माणसांशीही त्यांचं वागणं साधारण तसंच होतं.

जागा लहान, पण बोलकी होती. एका बाजूला भाजून लाल झालेली मातीची भट्टी, तिच्या मागे भात्याचं तोंड बसायचं ते भोक आणि समोर ऐरणीच्या ओंडक्याचा गोल खड्डा. तापल्या लोखंडावर घण बसला की पातळ खपल्या उडतात. वर्षानुवर्षं पायाखाली तुडवल्या जाऊन त्या खपल्यांची जमिनीवर काळी, कडक साय धरली होती. कण कुठे दाट आहेत आणि कुठे विरळ, यावरून लोहार कुठे उभा राहायचा आणि भाता ओढणारं माणूस कुठे बसायचं, हे चुंबक दाखवत होतं.

मागच्या कोपऱ्यात मात्र ही साय तुटलेली होती. एक माणूस कसाबसा मांडी घालून बसेल, एवढाच खड्डा. त्यात आधी कवटी दिसली आणि मग तिच्याभोवती मोळीसारखी रचलेली लांब हाडं. डाव्या हाताचं हाड कधीतरी मोडून वाकडंच जुळलेलं होतं. सगळ्याच्या तळाशी, कवटीच्या खाली, कौलाचा एक तुकडा होता.

खणतीच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून रोज बसत. गावात त्यांना धाकटे मालक म्हणत. चुन्याची जुनी भट्टी त्यांच्या घरची. आजवर ते कुणाच्या अध्यातमध्यात आले नव्हते, पण तो वाकडा हात पाहिल्यावर उठून उभे राहिले आणि हातातली छत्री मिटायची विसरले.

“हा माझा दादा,” ते म्हणाले.

जमलेल्यांपैकी एकानेही ‘कशावरून’ असं विचारलं नाही. गावाचा निकाल चाळीस वर्षांपूर्वीच लागलेला होता; आज फक्त पुरावा हाती आला होता.

२

फौजदार नुकतेच बदलून आले होते. त्यांनी गावात फेरी मारली आणि प्रत्येक ओट्यावर एकच गोष्ट ऐकली.

चुनाभट्टीचे थोरले मालक एका संध्याकाळी लोहाराकडे गेले ते परत आलेच नाहीत. भट्टीतला विस्तव ओढायची लांब आकडी करून घ्यायला ते गेले होते. आकडी खांद्यावर टाकून मालक आपल्या पायांनी घरी गेले, असं लोहार शेवटपर्यंत सांगत राहिला. दादा परत आलाच नाही, असं धाकटे सांगत राहिले. लोहाराला चौकीत बसवून ठेवलं, झोडपलं आणि प्रेत सापडेना म्हणून सोडून दिलं. तो सुटला खरा, पण गावाच्या तोंडातून सुटला नाही. त्याच्याकडे नांगराच्या फाळाला धार लावून घ्यायलाही कुणी जाईना. भट्टी थंड पडली आणि काही वर्षांनी तोही गेला. मागे एक लेक राहिली.

“आता काय, स्वच्छच आहे,” फौजदार म्हणाले. “खून त्यानेच केला आणि स्वतःच्याच जागेत पुरला. आरोपी मेलेला, तेव्हा प्रकरण बंद. तुम्ही तुमचा अहवाल द्या मॅडम, म्हणजे रस्ताही मोकळा होईल.”

चाळीस वर्षांपूर्वीच्या भानगडी हा बाईंचा प्रांत नव्हता. ज्यांच्याबद्दल कुणी रडायला उरलेलं नाही अशाच माणसांची हाडं त्यांनी आजवर पाहिली होती. पण पायात काटा रुतावा तसा तो कौलाचा तुकडा त्यांना टोचत होता. हाडांच्या वर कौल सापडलं असतं तर त्यात नवल नव्हतं. छप्पर कोसळलं की कौलं खाली येणारच. पण हे तर हाडांच्या खाली होतं.

लोहारशाळेच्या जमिनीवर कोसळलेल्या छपराचा थर त्यांनी आठवडाभर आधीच जसाच्या तसा काढून, चौकोनाचौकोनाने ताटांत ठेवला होता. बाई दुपारभर त्या ताटांपुढे फतकल मारून बसल्या. एकेक तुकडा हातात घ्यायचा, कडेला कड लावून बघायची, बाजूला ठेवायचा. बघणाऱ्यांना वाटलं, उन्हाने बाईंचं डोकं फिरलं.

उन्हं कलताना एक तुकडा जुळला. कडेला कड अशी बसली की मधे नखही शिरेना. खड्ड्याच्या तळाशी होता तो अर्धा भाग, आणि दुसरा अर्धा पडलेल्या छपराच्या थरात, खड्ड्याच्या काठाशी.

बाईंनी फौजदारांना बोलावून घेतलं.

“छप्पर पडलं, कौल फुटलं. त्यानंतर कुणीतरी त्या ढिगातून खाली खड्डा खणला, तेव्हा एक तुकडा आत गेला आणि त्याच्यावर हाडं ठेवली गेली. मला एवढंच सांगा, छप्पर पडलं तेव्हा लोहार जिवंत होता का?”

३

लोहाराची लेक बसथांब्यामागे दोन खोल्यांत राहत होती. छत्र्या, पिशव्या, दप्तरं शिवून द्यायची. बापाचा भाता लहानपणी तीच ओढायची. लग्नाच्या गोष्टी यायच्या, गावात चौकशी व्हायची, आणि आलेली गोष्ट आल्या वाटेने परत जायची. मग गोष्टी यायच्याही थांबल्या.

पन्नाशी उलटलेली ती लेक दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. बाईंनी छपराचं विचारलं, तेव्हा तिने जरा वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. माणसं तिला बापाबद्दल विचारायची. छपराबद्दल विचारणारं हे पहिलंच माणूस.

छप्पर बाप गेल्यावर पडलं, तिने सांगितलं. दोनेक पावसाळे गेले असतील. आवाज घरापर्यंत आला होता. ती बघायला गेली नाही.

मग आपण होऊनच ती त्या संध्याकाळबद्दल बोलू लागली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि भात्यावर बसलेली होती. जुनी आकडी तापली की सरळ व्हायची, म्हणून बापाने नवीच्या दांड्याला पीळ दिला होता, सबंध गावात अशी आकडी दुसरी नव्हती. ती खांद्यावर टाकून मालक गेले, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

“पोलिसांना सांगितलं नाहीत?” बाईंनी विचारलं.

“विचारलं कुणी? मी पोर होते. आणि त्याची पोर होते.”

बाई परतल्या त्या मनात गणित पक्कं करूनच. बाप निर्दोष होता. मेलेला माणूस खड्डा खणत नाही. त्यांनी हे सगळं फौजदारांपुढे मांडलं. फौजदारांनी नीट ऐकून घेतलं, कौलाचे दोन तुकडे स्वतः जुळवून पाहिले आणि मान हलवली.

“मानलं मॅडम. खड्डा लोहाराने खणलेला नाही,” ते म्हणाले. “मग तो मेल्यावर ही जागा कुणाच्या ताब्यात होती? हाडं मोळी बांधून ठेवलीत, म्हणजे दुसरीकडून हलवली, हे तर तुम्हीच सांगितलंत. बापाने कुठेतरी पुरलेलं लेकीला ठाऊक असणार. तिने हलवलं. उद्या चौकीत आणतो तिला.”

बापाला सोडवायला बाई गेल्या होत्या, आणि ज्या दोराने त्याला वर काढलं, तोच त्यांनी लेकीच्या गळ्यात अडकवून ठेवला होता.

४

सकाळी उजेड फुटताच बाई खड्ड्यात उतरल्या. आता प्रश्न एवढाच होता की खड्डा कधी खणला आणि हाडं आली कुठून.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर खड्ड्याच्या भिंतीतच होतं. पडलेल्या छपरावर वाढलेल्या झुडपाची बोटभर जाड मुळं फावड्याने सपकन तुटलेली होती. तुटल्या टोकांना केसांसारखी कोवळी तंतुमुळं नुकती फुटली होती. हा खड्डा तीस वर्षांपूर्वीचा असता तर मुळांनी तो कधीच गिळून टाकला असता. खणल्याला फार तर वर्ष झालं होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कवटीत होतं. लोहारशाळेची माती काळी, गंजाने लालसर. कवटीच्या आत मात्र पांढरी माती घट्ट बसली होती. बाईंनी ती सुईने काढून तळहातावर घेतली. चुना तर गावातल्या प्रत्येक भिंतीवर होता. पण यात अर्धवट भाजलेल्या चुनखडीचे खडे होते, बाहेरून भुकटी आणि आतून दगड. असा कच्चा माल विकत कुणी घेत नाही. भट्टीवाले तो भट्टीमागेच फेकतात.

म्हणजे थोरले मालक चाळीस वर्षं आपल्याच भट्टीमागे होते. मग एवढी वर्षं गप्प बसलेल्या माणसाला गेल्या वर्षीच फावडं उचलायची बुद्धी का झाली?

तेवढ्यात रस्त्याचा इंजिनिअर आला. तो रोज सकाळी येई, ‘झालं का मॅडम’ विचारी आणि उत्तर ऐकायच्या आधी सुस्कारा टाकी. बाईंनी आज त्यालाच प्रश्न केला. हा रस्ता पहिल्यापासून इथूनच जायचा होता का?

नव्हता, तो म्हणाला. पहिली आखणी वेगळी होती. गेल्या वर्षी लाल खुंट्यासुद्धा ठोकून झाल्या होत्या. मग जमीन तपासली तेव्हा ती खालून पोकळ निघाली, रस्ता खचला असता. म्हणून रेघ इकडे सरकवली.

“पोकळ कशाने?”

“जुन्या खाणींनी, मॅडम. चुनखडीच्या. पहिला रस्ता चुनाभट्टीच्या आवारातून जात होता.”

बाई हातातली सुई तशीच धरून उभ्या राहिल्या. ज्याने रस्त्याच्या भीतीने हाडं हलवली, त्याने ती नेमकी नव्या रस्त्याच्या वाटेत आणून ठेवली होती.

५

चुनाभट्टी बंद पडून काळ लोटला होता. आवाराला उंच भिंत होती आणि आत जायची वाट घरातून, एकच. लोहाराच्या लेकीने तिथून हाडं काढून नेली म्हणणं म्हणजे उंदराने मांजराच्या तोंडातून घास पळवण्यासारखं होतं.

बाई फौजदारांना घेऊन गेल्या. दार थोरल्या वहिनींनी उघडलं. नवरा नाहीसा झाल्यापासून त्या दिराच्याच घरात राहत होत्या. बाई जरा आवार बघते म्हणाल्या, तेव्हा वहिनींनीच त्यांना मागे नेलं. भट्टीमागच्या ढिगाऱ्यावर फुलझाडांचा वाफा होता. झाडं मरतुकडी, पिवळी. चुन्यात दुसरं काय होणार?

“भाऊजींची हौस,” वहिनी म्हणाल्या. “जन्मात कधी तांब्याभर पाणी स्वतःच्या हाताने घेतलं नाही, आणि गेल्या साली भरउन्हात फावडं मारत बसले. मी म्हटलं, गडी लावा. तर माझ्यावरच खेकसले.”

पडवीच्या आढ्याला जुनं लोखंड लटकत होतं. साखळ्या, घमेली आणि दोनतीन आकड्या. त्यातल्या एका आकडीच्या दांड्याला वरपासून खालपर्यंत पीळ होता.

बाईंनी ती काढायला सांगितली. फौजदारांनी ती उतरवली आणि सगळे पुढच्या खोलीत गेले. धाकटे मालक खिडकीशी बसले होते. आकडी पाहून त्यांनी नजर खाली घेतली.

बाईंना असं माणसासमोर बसून बोलायची सवय नव्हती. थर सांगावेत तसं त्या एकेक सांगत गेल्या. लोहार मेल्यावर छप्पर पडलं आणि छप्पर पडल्यावर खड्डा झाला, म्हणजे लोहार सुटला. खड्डा गेल्या वर्षीचा, आणि कवटीत भट्टीमागचा चुना. गेल्या वर्षी रस्ता लोहाराच्या लेकीच्या जागेतून जात नव्हता. तो या आवारातून जात होता. तेव्हा हाडं हलवायची गरज तिला नव्हती, या घराला होती. आणि पुरायला लोहारशाळा निवडली ती यासाठी की कधी सापडलीच तर दोष कुणाचा, हे गावाने आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

“हे घरातलं कुणीही करू शकतं,” धाकटे हळूच म्हणाले. “भट्टीवर तेव्हा गडी होते.”

“गड्यांना वाफा करायची हौस नव्हती. आणि ही आकडी त्याच संध्याकाळी तयार झाली. तुमचे दादा ती खांद्यावर टाकून निघाले. ते घरी आलेच नाहीत, असं तुम्ही सांगितलंत. मग आकडी कशी आली?”

दारात वहिनी उभ्या होत्या. चहाचा ट्रे त्यांनी केव्हा खाली ठेवला ते कुणालाच कळलं नाही.

मग धाकटे बोलायला लागले, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबेनात. त्या दिवशी त्यांच्या हातून भट्टी विझली होती. दादाने गड्यांसमोर त्यांच्या मुस्काटात मारली. संध्याकाळी गडी गेल्यावर दादा नवी आकडी घेऊन आला आणि भट्टीच्या काठावर पुन्हा तेच काढून बोलू लागला. त्यांनी ढकललं. मारायचं नव्हतं. दादा दगडावर पडला आणि उठलाच नाही.

“आणि लोहार?” फौजदारांनी विचारलं.

“लोकांनी विचारलं, दादा कुठे गेला. मी म्हटलं, लोहाराकडे गेला होता. खोटं नव्हतं ते.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “मी तेवढंच बोललो. पुढचं गावाने रचलं. मला फक्त गप्प राहायचं होतं.”

वहिनी पुढे आल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

“चाळीस वर्षं मी वाट बघितली. रोज दाराला कडी न लावता झोपले,” त्या म्हणाल्या. “आणि चाळीस वर्षं तुम्हाला ऊन ऊन वाढलं.”

धाकट्यांनी मान वर केली नाही. फौजदारांनी त्यांना दंडाला धरून उठवलं, तेव्हा ते लहान मुलासारखे उठले.

६

पुढे गाव वागलं ते गावासारखंच. मला आधीपासूनच संशय होता, असं म्हणणारे ओट्याओट्यावर निघाले. ज्यांनी जन्मात तिच्याकडे बघितलं नव्हतं, ते लोहाराच्या लेकीकडे धडधाकट छत्र्या दुरुस्तीला घेऊन येऊ लागले. तिने त्या ठेवून घेतल्या, पण त्यांच्याशी गप्पा मारल्या नाहीत.

बाईंचं काम संपलं त्या सकाळी यंत्रं येऊन उभी राहिली. बापाची भट्टी शेवटची बघायची असेल तर या, असा निरोप बाईंनी तिला पाठवला होता. ती आली, खाली उतरली आणि भात्याच्या जागी, जिथे चुंबकाला एकही कण लागला नव्हता, तिथे जाऊन बसली. ती जागा तिला कुणी दाखवावी लागली नाही.

इंजिनिअर घड्याळ बघत होता. तेवढ्यात रस्त्याने थोरल्या वहिनी येताना दिसल्या. बरोबर कुणी नव्हतं. त्या खणतीच्या काठाशी थांबल्या आणि मग बाईंचा हात धरून सावकाश उतरल्या. बाईंचा हात सहसा कुणी धरत नसे. त्यांनी तो मागे घेतला नाही.

दोघी बायका समोरासमोर आल्या. इतकी वर्षं एकमेकींना पाहून रस्त्याची बाजू बदलण्यात गेली होती.

“तू भात्यावर होतीस म्हणे त्या दिवशी,” वहिनी म्हणाल्या.

“होते.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही थांबायचात कुठे?”

वहिनींनी मान डोलावली. ते खरंच होतं. मग त्या तिच्या शेजारी, धुळीतच, बसल्या.

“काय बोलले गं ते? शेवटचं?”

लोहाराच्या लेकीने उत्तर द्यायला वेळ घेतला. आठवत नव्हतं म्हणून नव्हे. ते कुणाला कधी सांगायचा प्रसंगच आला नव्हता, म्हणून.

“बाबा म्हणाले, चहा टाकतो, थांबा. तर म्हणाले, नको. बायको रुसलीय. सकाळी तिच्या भाजीला खारट म्हणालो. आता जाऊन तीच भाजी दोनदा मागून घेतो, म्हणजे बोलेल. आणि हसले. मला म्हणाले, पोरी, मोठी झालीस की नवऱ्याला अळणीच घाल.”

वहिनी समोरच्या विझल्या भट्टीकडे बघत राहिल्या.

“खारटच झाली होती,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा हसता हसता मोडला.

मागे यंत्राने घरघर सुरू केली. बाईंनी मागे न बघता हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. इंजिनिअरने ड्रायव्हरला खूण केली. आवाज बंद पडला.

“परत सांग,” वहिनी म्हणाल्या. “पहिल्यापासून. आले तेव्हापासून.”

लोहाराची लेक त्यांच्याकडे सरकून बसली आणि सांगू लागली.